लपवणं हेही कामच: दीर्घ आजाराचं ओझं आणि कलंक नर्सिंग संशोधन कसं मोजतं

'आजारपण काढणं' हा मराठीतला शब्दप्रयोग मोठा नेमका आहे. ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की माणूस आजारपण काढतो आणि उठून कामाला लागतो. मधुमेह, दमा, मिरगी, कमकुवत झालेलं हृदय, निकामी झालेली किडनी, एचआयव्ही हे आजार असे काढता येत नाहीत. घरकामासारखे ते रोज करावे लागतात, आणि घरकामासारखेच ते केले की दिसत नाहीत, राहिले की दिसतात. आपली विचारपूस, रजा, दवाखान्यातली पद्धत मात्र संपणाऱ्या आजारपणाच्या मापाने बेतलेली असते. पहिल्या महिन्यात लोक भेटायला येतात. पाचव्या वर्षी 'अजून गोळ्या चालूच का?' एवढंच विचारतात.

नर्सिंगमधल्या संशोधनाचा एक मोठा भाग या न संपणाऱ्या कामाचा आहे. त्यात दोन शब्द सतत येतात: ओझं आणि कलंक. दोन्हींवर वेगवेगळे अभ्यास होतात, वेगवेगळ्या प्रश्नावल्या आहेत. पण रुग्णाच्या दिवसात या दोन गोष्टींची एकमेकींत गाठ बसलेली असते, आणि ती गाठ समजली नाही तर उपचार कुठे फसतो तेच कळत नाही.

केसपेपरवर एक ओळ नेहमी सापडते: 'रुग्ण औषधं नियमित घेत नाही.' जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात विकसित देशांतही दीर्घ आजारांवरचे उपचार ठरल्याप्रमाणे पाळले जाण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्केच दिलं आहे. निम्म्या माणसांना जे जमत नाही, त्याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधून काय मिळणार? ते त्या कामाच्या रचनेत शोधायला हवं.

काम किती असतं

ज्युलिएट कॉर्बिन या मूळच्या नर्स आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस हे समाजशास्त्रज्ञ. घरी दीर्घ आजार सांभाळणाऱ्या जोडप्यांच्या मुलाखतींवरून या दोघांनी १९८५ मध्ये एक साधी मांडणी केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरात तीन प्रकारचं काम चालतं. एक आजाराचं: औषधं, तपासण्या, लक्षणांवर नजर, दवाखान्याच्या फेऱ्या. दुसरं रोजच्या जगण्याचं: स्वयंपाक, नोकरी, मुलं, बिलं. तिसरं स्वतःच्या ओळखीचं, म्हणजे 'आता मी कोण आहे, पुढे काय करू शकेन' हे पुन्हा पुन्हा जुळवत राहण्याचं. या मांडणीची ताकद 'काम' या शब्दात आहे. काम म्हटलं की त्याला वेळ लागतो, कौशल्य लागतं, ते कोणीतरी करतं, आणि ते दुसऱ्या कामाच्या वेळेतून काढावं लागतं, हे सगळं आपोआप विचारात येतं.

हा वेळ किती, ते आकड्यांत पाहू. हिमोडायलिसिस, म्हणजे किडनी निकामी झाल्यावर मशीनने रक्त शुद्ध करणं, साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास. मशीनवरचे १२ तास सगळे मोजतात. जाणं-येणं, नंबर येईपर्यंत थांबणं, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत जागा दाबून बसणं आणि त्यानंतर अंगातलं त्राण परत येईपर्यंतचा वेळ कोणी मोजत नाही. पोटातून हाताने केलं जाणारं डायलिसिस घरी होतं म्हणून सोपं वाटतं. तिथे दिवसातून साधारण ४ वेळा द्रव बदलायचा असतो आणि एका वेळेला ३० ते ४० मिनिटं जातात. दर वेळी खिडक्या-दारं बंद, पंखा बंद, तोंडावर मास्क, हात नीट धुऊन कोरडे, मगच जोडणी. एकदा घाई झाली आणि जंतू आत गेले की पोटाच्या आवरणाला सूज येते, आणि हे डायलिसिसच बंद करायची वेळ येऊ शकते.

एकापेक्षा जास्त आजार असले की ही बेरीज झपाट्याने वाढते. सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७९ वर्षांची एक काल्पनिक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवली. तिला उच्च रक्तदाब, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, सांधेझीज आणि फुफ्फुसाचा जुना अडथळ्याचा आजार, असे पाच आजार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक सूत्रं तंतोतंत पाळायची तर तिला १२ वेगवेगळी औषधं, दिवसाकाठी १९ डोस, पाच वेगवेगळ्या वेळांना घ्यावे लागले असते. शिवाय पथ्य, व्यायाम, तपासण्या वेगळ्याच. प्रत्येक सूत्र आपापल्या जागी बरोबर होतं. पाचही सूत्रं एकाच बाईच्या दिवसात बसतात का, हे पाहणं कोणत्याच सूत्राचं काम नव्हतं.

इथे आजाराचं ओझं आणि उपचाराचं ओझं हा फरक महत्त्वाचा. धाप लागणं हे आजाराचं ओझं. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवणं, मीठ मोजणं, तीन विभागांच्या तीन तारखा सांभाळणं हे उपचाराचं. कार्ल मे, व्हिक्टर मॉन्टोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी २००९ मध्ये 'कमीत कमी उलथापालथ करणाऱ्या' वैद्यकाची मागणी केली ती यातूनच. त्याच वाटेने २०१२ मध्ये शिपी आणि सहकाऱ्यांनी भार आणि क्षमता अशी जोडी मांडली. माणसावर टाकलेला भार त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाला की काहीतरी सुटतं. सुटलं की तब्येत बिघडते, बिघडली की डॉक्टर आणखी एक औषध वाढवतात, आणि भार पुन्हा वाढतो. क्षमतेत पैसा, झोप, नजर, वाचता येणं, घरात मदतीला कोणी असणं हे सगळं येतं. आणखी एक गोष्ट तिथे मोजायला हवी असं आम्हाला वाटतं, ती म्हणजे उपचार उघडपणे करता येईल अशी जागा आणि अशी माणसं.

कलंक म्हणजे नेमकं काय

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये केलेला एक भेद आजही कामाला येतो. काही खुणा दिसतात: थरथरणारा हात, चेहऱ्यावरचे डाग, ऑक्सिजनची नळी. तिथे माणसाला समोरच्याच्या नजरा सांभाळाव्या लागतात. काही खुणा झाकता येतात: मिरगी, एचआयव्ही, ऑपरेशननंतर मलमूत्रासाठी पोटावर लावलेली पिशवी, मधुमेह. तिथे सांभाळायची असते ती माहिती. कोणाला सांगायचं, किती, कधी, आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत गेलं तर काय. दीर्घ आजारांपैकी पुष्कळसे या दुसऱ्या गटात येतात, म्हणून 'तुमच्याकडे पाहून काही वाटत नाही हो' हे वाक्य कौतुक म्हणून बोललं गेलं तरी ते ऐकणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी टाकतं: असंच दिसत राहण्याची.

ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी १९८६ मध्ये मिरगी असलेल्या प्रौढांच्या अभ्यासातून दुसरा भेद पुढे आणला. एक कलंक प्रत्यक्ष वाट्याला येतो: नोकरी जाते, लग्न मोडतं, कोणीतरी टाळतं. दुसरा धास्तीचा, म्हणजे असं होईल ही भीती आणि तिच्यासोबतची लाज. आयुष्याची जास्त ओढाताण या धास्तीनेच होत होती. यावरून 'भीती उगाचच होती' असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. त्या माणसांनी आजार लपवला, म्हणून भेदभावाला संधीच कमी मिळाली. लपवणं उपयोगी पडत होतं आणि त्याची किंमतही मोजावी लागत होती. सल्ला देणाऱ्याने या दोन्ही बाजू लक्षात ठेवायला हव्यात. 'लपवू नका, मोकळं व्हा' असं सांगताना नोकरी गेली तर ती कोणाची जाणार आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

याखेरीज कलंक आत मुरतो, म्हणजे लोक जे म्हणतील ते माणूस स्वतःच स्वतःला म्हणू लागतो. तो सोबतच्यांनाही लागतो, घरच्यांना आणि कधी कधी त्या आजाराच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सनाही. आणि ब्रूस लिंक आणि जो फेलन यांनी २००१ मध्ये बजावल्याप्रमाणे यामागे सत्ता असते. शिक्का मारणं, त्याला दुर्गुण चिकटवणं, 'ते' आणि 'आपण' अशी फाळणी करणं, आणि मग दर्जा काढून घेणं हा क्रम पुरा व्हायला शिक्का मारणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. दवाखान्यात ते नक्कीच असतं.

एक इंजेक्शन, जवळून

ओझं आणि कलंक एकमेकांत कसे अडकतात ते दाखवायला दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिन पुरेसं आहे.

जेवणासोबतचं जलद इन्सुलिन बहुधा जेवणाआधी १० ते १५ मिनिटं घ्यायचं असतं. आधी हात धुवायचे, कारण बोटाला गोड काही लागलेलं असेल तर मीटर साखर खोटीच जास्त दाखवतं. मग साखर तपासायची आणि खाणार असलेल्या जेवणाचा अंदाज घेऊन डोस ठरवायचा. पेनला नवीन सुई लावायची. २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का ते पाहायचं. डोस फिरवायचा, सुई सरळ टोचायची, बटण पूर्ण दाबायचं आणि दाबून ठेवूनच सावकाश १० आकडे मोजायचे. सुई काढून न टोचणाऱ्या जाड डब्यात टाकायची. सवय झालेल्या हाताला पाच मिनिटं लागतात.

आता हेच काम असा माणूस करतोय असं समजा, ज्याने कामाच्या ठिकाणी कोणालाच सांगितलेलं नाही. तो संडासात जातो. तिथे पेन ठेवायला स्वच्छ जागा नाही, म्हणून एका हातात टोपण, तोंडात सुईचं वेष्टन. बाहेर कोणीतरी थांबलेलं आहे. २ युनिट सोडून पाहणं वगळलं जातं. त्यामुळे सुईत हवा असली तर ती हवाच आत जाते आणि औषध तेवढं कमी पडतं. १० ऐवजी तीनच आकडे मोजले जातात आणि बाहेर काढलेल्या सुईच्या टोकातून औषध टपकतं. वापरलेली सुई टाकायची कुठे, हा प्रश्न असतोच, म्हणून ती पेनलाच राहते आणि उद्या पुन्हा वापरली जाते. त्याच त्याच जागी, बोथट सुईने टोचून कातडीखाली गाठ धरते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त. काही दिवशी संडासही रिकामा नसतो, मग डोस थेट घरी गेल्यावर.

दवाखान्यात यातलं काहीच पोहोचत नाही. तिथे पोहोचतो एक आकडा, समजा दुपारची साखर २८०. डोस कमी पडतोय असं दिसतं, म्हणून तो वाढवला जातो. पुढच्या सुटीच्या दिवशी हा माणूस घरी असतो, सवड असते, तो वाढवलेला डोस वेळेवर आणि पूर्ण घेतो, आणि साखर ७० च्या खाली उतरून त्याला घाम फुटतो, हात थरथरतात. आता त्याला इन्सुलिनचीच भीती बसते. केसपेपरवर लिहिलं जातं: 'साखर वरखाली, पथ्य पाळत नाही.' आपल्यावर तसा शिक्का बसलाय हे त्याला बोलण्याच्या सुरावरून कळतं, आणि पुढच्या वेळी तो डायरीत खोटे आकडे भरून आणतो.

यात आळस कुठेही नव्हता. हा माणूस इतरांपेक्षा जास्तच काम करत होता: इन्सुलिनचं आणि ते लपवण्याचं.

हृदय कमकुवत असलेल्यांच्या पाण्याच्या गोळीचंही असंच होतं. फ्युरोसेमाइडची गोळी पोटात गेल्यापासून तासाभरात लघवीला लावते आणि पुढचे सहा-आठ तास परिणाम राहतो. प्रवासाच्या, लग्नाकार्याच्या, मीटिंगच्या दिवशी ती चुकवली जाते, कारण दर अर्ध्या तासाला उठून जाण्याची लाज वाटते. ज्याचे असे दिवस आठवड्यात तीन, त्याच्या पायावर सूज येते. 'गोळी रोज घेता ना?' या प्रश्नाला तो 'हो' म्हणतो. 'बाहेर जायचं असतं त्या दिवशी ही गोळी कधी घेता?' असं विचारलं की खरं उत्तर येतं, आणि मग डॉक्टरांशी बोलून त्या दिवसापुरती गोळीची वेळ पुढे सरकवता येते.

नर्सिंग संशोधन हे कसं पकडतं

पिशवी बदलताना, जखम धुताना, औषधं समजावताना रुग्णासोबत जी व्यक्ती असते ती बहुधा नर्स. म्हणून या विषयातले पुष्कळसे चांगले प्रश्न नर्सिंगमधून आले. मर्ल मिशेल यांनी १९८१ मध्ये आजारातली अनिश्चितता मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि १९८८ मध्ये त्यावर सिद्धांत मांडला: पुढचा झटका कधी, औषध लागू पडतंय की नाही, हे न कळणं हाच एक स्वतंत्र त्रास आहे. बार्बरा पॅटरसन यांनी २९२ गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यावर-अनुभवांवर आधारलेले, अभ्यास एकत्र वाचून २००१ मध्ये दाखवलं की दीर्घ आजारात माणूस पायऱ्या चढत 'स्वीकारा'पर्यंत जातो हे चित्र बरोबर नाही. कधी आजार पुढे येतो आणि आयुष्य मागे सरकतं, कधी उलट. हे मागेपुढे होणं शेवटपर्यंत चालतं. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. बरं चाललेलं असताना माणूस आजाराकडे काणाडोळा करतो तो बेफिकिरीने असेलच असं नाही; आयुष्य पुढे ठेवण्याचा तो त्याचा प्रयत्नही असतो.

पद्धती ढोबळमानाने दोन. मुलाखतींची आणि प्रश्नावलीची. मुलाखतींच्या अभ्यासात माणसं थोडी असतात, अनेकदा दहा ते तीस, पण एकेकाशी तासभर बोलणं होतं, ते शब्दशः उतरवलं जातं, आणि नवीन मुलाखतींतून नवीन काही निघेनासं झालं की थांबतात. अशा अभ्यासातून 'किती टक्के' कळत नाही. कळतं ते 'कसं' आणि 'का'. इन्सुलिनचं पेन संडासात का जातं हे कोणत्याही प्रश्नावलीतून आधी कळलं नसतं.

प्रश्नावली त्यानंतर येते. बार्बरा बर्गर या नर्स संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेलं एचआयव्ही कलंक मोजण्याचं साधन ४० विधानांचं आहे आणि ते चार गोष्टी वेगळ्या काढतं: लोकांकडून वाट्याला आलेली वागणूक, सांगण्याची धास्ती, स्वतःबद्दलचं वाईट मत, आणि समाज काय मानतो याची चिंता. हे वेगळेपण कामाचं आहे, कारण चारींवरचे उपाय वेगवेगळे. सांभाळणाऱ्यांच्या ओझ्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी झारिट यांची मुलाखत १९८० ची. आज तिचं २२ प्रश्नांचं रूप प्रचलित आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८ पैकी. तिचा दोष असा की बेरीज एकच येते. रात्री पाचदा उठावं लागणारी सून आणि पैशाच्या काळजीने खचलेला मुलगा, दोघांचे गुण ४० येऊ शकतात. एकाला रात्रीची बदली माणूस हवी, दुसऱ्याला खर्चाची वाट. बेरजेखाली प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वाचलं नाही, तर मोजूनही काही हाती लागत नाही.

सगळ्यात नाजूक काम भाषांतराचं, आणि इथेच बरेच अभ्यास घसरतात. नेहमीची पद्धत अशी: दोन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, दोन्हींतून एक मसुदा ठरवायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलटा मूळ भाषेत आणायचा, तज्ज्ञांनी ताडून पाहायचं. यानंतरचा टप्पा मात्र अनेकदा उरकला जातो. मोजक्या रुग्णांसमोर बसून प्रत्येक प्रश्न वाचायला द्यायचा आणि विचारायचं, 'हे वाचून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.'

या टप्प्यावर आपली भाषा बरंच काही उघड करते. 'कलंक' हा मराठीत चारित्र्याचा शब्द आहे. 'आजारामुळे तुम्हाला कलंक वाटतो का?' असं विचारलं तर माणूस दुखावतो आणि 'मी काय गुन्हा केलाय?' म्हणून 'नाही' वर खूण करतो. त्याच माणसाला 'तुमच्या आजाराबद्दल घरात, नात्यात, कामावर कोणाकोणाला माहीत आहे? कोणाला मुद्दाम सांगितलं नाही?' असं विचारा, पंधरा मिनिटं बोलेल. 'ओझं' तर त्याहून अवघड. 'आईचं ओझं वाटतं का?' या प्रश्नाला 'हो' म्हणणारा मुलगा भेटणार नाही, कारण मराठीत हा प्रश्न आईबद्दलचा होतो, कामाबद्दलचा राहत नाही. सांभाळणाऱ्यांच्या तोंडी असलेलं क्रियापद साधं आहे: 'करणं'. 'सासऱ्यांचं सगळं मीच करते', 'आईचं आता कोण करणार?' प्रश्न त्या क्रियापदाभोवती बांधला, 'त्यांचं करताना तुमची झोप पुरी होते का?' असा, तर उत्तर खरं येतं.

भाषांतर झालं की आकडेवारीची परीक्षा. क्रॉनबॅक अल्फा ०.७० च्या वर आला की साधन विश्वसनीय असं लिहिलं जातं. हा आकडा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. सगळ्यांनी सगळेच प्रश्न सारखेच चुकीचे समजून घेतले, तरी तो उत्तम येतो.

निष्कर्ष कुठे फसतात

अशा अभ्यासाची बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारावा: माणसं कुठून घेतली? बहुतेक वेळा दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांवरून. ज्याला सगळ्यात जास्त लपवायचंय तो त्या बाकावर येतच नाही, किंवा लांबच्या दुसऱ्याच ठिकाणी जातो. संमतीपत्राच्या वर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव आणि 'कलंक अभ्यास' असं छापलेलं असेल, तर आलेलाही कागद परत देतो. म्हणजे कलंक जितका तीव्र, तितका तो नमुन्यातून निसटतो, आणि येणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो.

दुसरं, मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण होतं? नवरा किंवा मुलगी खोलीत असताना 'घरच्यांवर माझा भार पडतो' हे कोणी बोलत नाही. या भावनेवर स्वतंत्र संशोधन आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आपण भार झालोय असं वाटणारा माणूस दुखणं कमी सांगतो, मदत मागत नाही, रात्री एकटाच उठतो आणि पडतो.

तिसरं, एकदाच मोजलं की पुन्हा पुन्हा? एका दिवशी एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून 'कलंकामुळे नैराश्य येतं' असं सिद्ध होत नाही. खचलेल्या माणसाला लोकांच्या नजरा जास्त बोचतात, हेही तितकंच शक्य आहे. आणि उपायांच्या अभ्यासात, व्याख्यानानंतर लगेच घेतलेल्या परीक्षेत गुण वाढले म्हणजे वागणूक बदलली असं होत नाही. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी मानसिक आजारांच्या कलंकावरचे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये दाखवलं की प्रौढांमध्ये माहिती देण्यापेक्षा त्या आजारासह जगणाऱ्या माणसाशी थेट भेट जास्त परिणाम करते. किशोरवयीनांमध्ये याच्या उलट दिसलं.

नर्सिंगला स्वतःकडेही पाहावं लागतं, कारण कलंकाचा अनुभव कुठे आला या प्रश्नाच्या उत्तरात दवाखाना वारंवार येतो. एचआयव्ही असलेल्याच्या पलंगावर वेगळी खूण, गरज नसताना दोन-दोन हातमोजे, सगळ्यांसमोर मोठ्याने नाव आणि आजार पुकारणं. रक्तातून पसरणाऱ्या जंतूंसाठीची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते. ती काहींसाठीच घेतली की बाकीच्यांच्या बाबतीत निष्काळजीपणा होतो आणि त्या काहींवर शिक्का बसतो.

पलंगाशेजारी यातलं काय वापरता येतं

शब्दांपासून सुरुवात करता येते, त्याला खर्च नाही. मधुमेहाबद्दल बोलताना कोणते शब्द टाळावेत यावर अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि मधुमेह शिक्षकांच्या संघटनेने २०१७ मध्ये एकत्रित शिफारशी काढल्या. मराठीत आपल्याला स्वतःची यादी करावी लागेल. 'मधुमेही'ऐवजी 'मधुमेह असलेली व्यक्ती' हे लांबलचक वाटतं हे खरं, आणि दर वाक्यात ते जमणारही नाही. पण 'ऐकत नाही', 'कंट्रोलमध्ये नाही', 'खाण्यावर ताबा नाही' हे तीन शब्दप्रयोग केसपेपरवरून आजच काढता येतील. त्यांच्या जागी जे घडलं ते लिहावं: 'गेल्या ७ दिवसांत दुपारचे ३ डोस राहिले. कामाच्या ठिकाणी जागा नाही.' पुढच्या माणसाला या ओळीवरून काहीतरी करता येतं.

विचारताना रुग्णाला एकटं भेटावं, पाच मिनिटं का होईना. 'नियमित घेता ना?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी: 'सगळ्यांचेच डोस कधी ना कधी राहतात. गेल्या आठवड्यात तुमचे किती राहिले?' मग 'हे औषध कुठे घेता, तेव्हा आजूबाजूला कोण असतं?' आणि 'आम्ही सांगितलेल्या सगळ्या कामांत सगळ्यात जड कोणतं जातं?' शेवटच्या उत्तरावर डॉक्टरांसोबत बसून काहीतरी खरोखर कमी करावं: दोन गोळ्यांची एक होते का, दोन तारखा एका दिवशी आणता येतात का, कोणती तपासणी थांबवली तर चालेल.

सांगावं की लपवावं, हा निर्णय रुग्णाचाच. पण इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत सोबत काम करणाऱ्या एका तरी विश्वासू माणसाला माहीत असणं जिवाच्या दृष्टीने गरजेचं आहे, आणि त्याला सगळं सांगायची गरज नसते. तेवढंच काय सांगायचं, त्याची तालीम नर्ससोबत करून घेता येते: मला घाम फुटला, हात थरथरले, मी असंबद्ध बोलू लागलो तर साखर उतरली आहे. माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज आहे, त्यातलं १५ ग्रॅम द्या, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायला लावा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. मी शुद्धीत नसेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.